नाद

रात्री साडेदहाला उद्यमनगरात
सगळी शटर खाली असतात, आमचं अर्धं.
आत एक लेथ, एक ट्यूबलाइट,
कास्टिंगच्या क्रेटवर ठेवलेला लॅपटॉप
आणि त्यात, संध्याकाळचे सहा वाजलेले,
बर्मिंगहॅमचे कुणी एक मिस्टर हॅलम.

मी सांगते, आमचं यंत्र ऐकतं.
पंपाच्या हाऊसिंगवर छोटी हातोडी पडते,
जो आवाज उठतो त्यावरून ते ओळखतं
लोखंडाच्या पोटात हवा राहिलीय की नाही.
हे सांगत नाही, की बाबा चाळीस वर्षं
हेच करतात, फुकट, डाव्या कानानं.
उजवा ग्राइंडरनं नेला.

कंपनी तिकडची. गॅरेथच्या स्वैपाकघराच्या पत्त्यावर
एका दुपारी नोंदली, चहा निवायच्या आत.
बँकेचं खातं उघडायला मात्र अकरा महिने.
एक संचालक कोल्हापूरची? मग वीजबिल पाठवा.
वीजबिल मराठीत. मग भाषांतर.
मग भाषांतर करणाऱ्याचा दाखला.
मग, हे बिल आता जुनं झालं, नवं पाठवा.

सरकारी अनुदान मंजूर झालं, पेढे वाटले.
नंतर कळलं, आधी खर्च तुम्ही करायचा,
तिमाही सरली की पावत्या,
पावत्या पटल्या की पैसे.
म्हणजे जेवण झाल्यावर ताट वाढणार.
गॅरेथनं व्हॅन विकली.
मी आईच्या पाटल्या गुजरीत नेल्या.
सोनारानं दगडावर घासून बघितल्या,
पाच वर्षांचा तक्ता मागितला नाही.

तो तक्ता!
पाचव्या वर्षी किती कमवाल?
मी आकडा लिहिला, गॅरेथनं एक शून्य वाढवलं.
"लाज वाटते," म्हणाला,
"पण शून्य कमी पडलं की ते पुढचं पान उलटत नाहीत."

एकजण म्हणाला, फार लवकर आलात.
एकजण म्हणाली, आधी तीन गिऱ्हाईकं आणा.
शिरोलीचे नेजदार म्हणाले, आधी तिकडं कोणतरी घेऊ दे, मग आम्ही.
तिकडं कोण घेणार?
गॅरेथच्या गल्लीतली फौंड्री पाडून फ्लॅट झालेत,
जुन्या मोल्डिंग बॉक्समधे माती भरून
लोक बाल्कनीत फुलं लावतात.

हॅलमसाहेब मात्र शेवटपर्यंत ऐकतात.
"इंटरेस्टिंग," म्हणतात, "व्हेरी, व्हेरी इंटरेस्टिंग."
स्क्रीन काळी होते. मी उडीच मारणार,
तेवढ्यात मागून बाबा, चिंधीनं हात पुसत:
"ह्यो पोकळ हाय."

बाबांना इंग्रजी येत नाही.
"शब्द न्हवं गं, नाद ऐक की.
वरनं पॉलिश, आत नुसतं वारं."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.
मेल अजून आलेला नाही.

काल गॅरेथचा फोन, कॅमेरा बंद.
हप्ते थकलेत. सोमवारपासून गोदामात रात्रपाळी धरलीय.
दुपारी कोड लिहीन म्हणाला,
नाही जमलं तर तेही सांगेन.
मग बराच वेळ काही बोलला नाही,
त्याच्या फ्रिजचं गुरगुरणं तेवढं येत राहिलं.

बाबा डावा कान पुढं करून उभे होते.
"काय झालं त्याचं?"
नोकरी धरली म्हणलं. बहुतेक संपलं.
"असंल," ते म्हणाले. "पण भरीव हाय पोरगं."
आणि लेथकडं वळले.

आई विचारते, सोडणार का आता तरी नाद.
उद्या सकाळी नेजदारांची चाळीस हाऊसिंग
फुकटात तपासून द्यायचीत.
मायक्रोफोनच्या जाळीत वाळू बसलीय,
जुन्या टूथब्रशनं ती काढत बसलेय,
एकेक कण.